किडनीच्या फाइलमधले हृदय

आज मार्चमधला दुसरा गुरुवार, जागतिक मूत्रपिंड दिन. २००६ पासून तो पाळला जातो. अंधेरी-बोरिवलीपासून घाटकोपर-मुलुंडपर्यंत डायलिसिसला जाणाऱ्यांच्या घरी आज क्रिएटिनिन किती, हिमोग्लोबिन किती, हीच चौकशी होईल. हृदयाचे कोणी विचारणार नाही. वास्तविक, मूत्रपिंडाच्या जुनाट विकारात माणसे सर्वाधिक दगावतात ती हृदय आणि रक्तवाहिन्यांच्या आजारांनी; अनेक जण तर डायलिसिसची वेळ येण्याआधीच.

जयप्रकाश नारायण यांचेच उदाहरण पाहा. आणीबाणीत चंदीगडला स्थानबद्ध असताना त्यांची मूत्रपिंडे निकामी झाली आणि नोव्हेंबर १९७५ मध्ये त्यांना मुंबईच्या जसलोक रुग्णालयात आणण्यात आले. डायलिसिसने त्यांना जवळजवळ चार वर्षे दिली. ८ ऑक्टोबर १९७९ रोजी ते गेले, तेव्हा मधुमेहाच्या जोडीला हृदयविकारही होता. दीर्घकाळ डायलिसिसवर असलेल्यांच्या धमन्या अकाली कठीण होतात, हे अमेरिकेतील सिएटलच्या डॉक्टरांनी १९७४ मध्येच लिहून ठेवले होते.

दोष कोलेस्टेरॉलचा, असे वाटणे साहजिक. पण डायलिसिसवरील मधुमेही रुग्णांवर जर्मनीत झालेल्या आणि २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत औषधाने कोलेस्टेरॉल चांगले उतरले, तरी हृदयविकाराचे प्रमाण म्हणावे तसे घटले नाही. धमनीच्या भिंतीत आणखी काहीतरी धुमसत असते. मूत्रपिंड थकले की दाह वाढवणारी द्रव्ये रक्तात साचतात. त्यात डायलिसिससाठी मानेत घातलेल्या कॅथेटरचा (नळीचा) संसर्ग, हिरड्यांचा पू, मधुमेही पायाची जखम, आपल्याकडे क्षयही. यकृत मग सीआरपी नावाचे प्रथिन जास्त बनवू लागते. कोविडच्या काळात घरोघरी पोचलेले हे नाव १९३० मधल्या न्यूमोनियाच्या संशोधनातून आले. डायलिसिसच्या रुग्णांत ते वाढलेले असले की हृदयविकाराने मृत्यूचा धोकाही वाढतो, हे १९९९ पासून माहीत आहे.

याच दाहाने रक्तातले अल्ब्युमिन हे प्रथिन घटते, भूक मरते, अंगावरचे मांस झडते. घरचे म्हणतात, ‘जेवत नाही म्हणून खंगले.’ आई किंवा बायको ताटात आग्रहाने वाढते, दोन घास खाऊन रुग्ण हात धुतो आणि दोघेही मनातून खट्टू होतात. या माउलींना कोणीतरी सांगायला हवे की दोष त्यांच्या स्वयंपाकाचा नाही आणि रुग्णाच्या हट्टाचाही नाही. आजारच भूक खातो.

सीआरपीचा आकडा उतरवणारी गोळी मागू नये. तो कशामुळे चढला, हे शोधावे. दाह थेट कमी करणाऱ्या औषधांवर काम चालू आहे. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत मूत्रपिंडविकाराच्या रुग्णांचे सीआरपी खूपच उतरले. मात्र त्याने हृदय वाचते का, हे ठरवायला मोठ्या चाचण्या लागतात. तोवर हाताशी आहे ते पुष्कळ आहे: वेळेत हातावर फिस्च्युला (डायलिसिससाठी धमनी आणि शीर जोडणे), कॅथेटरची काटेकोर स्वच्छता, तंबाखू-मिश्री बंद, दातांच्या डॉक्टरांची भेट, दर वर्षी हृदयाची तपासणी.

राजावाडी, कूपर, कांदिवलीचे शताब्दी ही उपनगरांतल्या सामान्य माणसाची रुग्णालये. महापालिकेने डायलिसिसच्या प्रत्येक रुग्णाच्या कागदावर क्रिएटिनिनच्या शेजारी अल्ब्युमिन आणि सीआरपीसाठी रकाना ठेवावा, दर तीन महिन्यांनी तो भरावा आणि सीआरपीचा आकडा चढलेला दिसताच त्याच दिवशी कॅथेटर, तोंड आणि पाय तपासण्याची जबाबदारी कोणाची, हेही तिथेच लिहावे.