पहिला नंबर की पहिला सोबती?

उरण-पनवेल पट्ट्यातील जासई हे गाव महाराष्ट्राला ठाऊक आहे ते १९८४च्या शेतकरी आंदोलनामुळे. दि. बा. पाटील यांच्या या जन्मगावी व परिसरात १६ आणि १७ जानेवारी रोजी झालेल्या पोलीस गोळीबारात पाच जण हुतात्मा झाले. साडेबारा टक्के विकसित भूखंडांचे तत्त्व त्याच लढ्यातून पुढे आले. शेजाऱ्याच्या जमिनीसाठीही रस्त्यावर उतरणाऱ्या त्या पिढीची नातवंडे-पतवंडे आज प्राथमिक शाळेत बसतात, आणि त्यांना धडा मिळतो तो शेजारच्या बाकावरील मुलाला मागे टाकण्याचा!

दोष एकट्या शाळेचा नव्हे. मूल घरी आले की पहिला प्रश्न, ‘किती गुण मिळाले?’ आणि लगेच दुसरा, ‘शेजारच्याला किती?’ या दुसऱ्या प्रश्नानेच सात वर्षांचे मूल वहीवर हात आडवा धरू लागते. मग त्याच मुलाने दयाळू व्हावे म्हणून आठवड्यातून एक मूल्यशिक्षणाचा तास ठेवायचा, हा विनोद म्हणावा की दांभिकता?

जासईत हा प्रश्न अधिक तीव्र आहे. १९८९ मध्ये न्हावा-शेवा बंदर सुरू झाले. त्यामागोमाग कंटेनरची आगारे आली आणि दूरच्या प्रांतांतून श्रमिक कुटुंबे आली. मराठी न समजणारे मूल वर्गात अडखळले की हशा पिकतो. शिक्षकाला प्रत्येकापर्यंत पोहोचता येत नाही; बाकावरचा सोबती मात्र पोहोचू शकतो. त्या हशाची किंमत लहान नसते. युनेस्कोच्या २०१९च्या अहवालानुसार जगातील जवळपास तीनपैकी एक विद्यार्थी महिन्याभरात एकदा तरी सोबत्यांच्या छळाला सामोरा जातो.

यावर परदेशी तोडगे शोधण्याचे कारण नाही. अठराव्या शतकाच्या अखेरीस मद्रासच्या अनाथ मुलांच्या शाळेचा प्रमुख अँड्र्यू बेल याने देशी पाठशाळेतील मुले वाळूत अक्षरे गिरवताना पाहिली. त्यातून स्फूर्ती घेऊन मुलांनी मुलांना शिकवण्याची पद्धत त्याने उभी केली, १७९७ मध्ये तिच्यावर पुस्तक लिहिले आणि इंग्लंडमध्ये ती ‘मद्रास पद्धत’ म्हणून गाजली. तेथे मात्र कमी खर्चात अधिक मुले हाकण्याचे यंत्र असे तिचे रूप झाले. हुशार मुलाच्या हाती छडी देणे म्हणजे सहकार्य नव्हे, हा त्यातील धडा.

महाराष्ट्रातील उदाहरण अधिक उजळ आहे. जासईतही जिचे विद्यालय आहे, त्या रयत शिक्षण संस्थेचे संस्थापक कर्मवीर भाऊराव पाटील यांनी १९२४ मध्ये साताऱ्यात वसतिगृह काढले. १९२७ मध्ये गांधीजींच्या हस्ते त्याचे ‘श्री छत्रपती शाहू बोर्डिंग’ असे नामकरण झाले. सर्व जातींची मुले तेथे एकत्र राबत, रांधत आणि एका पंगतीत जेवत. समतेवर त्यांची परीक्षा घेण्याची गरज कोणाला भासली नाही.

‘जग स्पर्धेचे आहे, मूल मागे पडेल’, हा मध्यमवर्गीय आक्षेप ठरलेलाच. परंतु दुसऱ्याला समजावून सांगताना स्वतःचे ज्ञान पक्के होते, हा प्रत्येक शिक्षकाचा अनुभव आहे. २०२०च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणानेही सहाध्यायींनी परस्परांना शिकवण्यास स्थान दिले आहे, तेही स्वेच्छेने आणि शिक्षकाच्या देखरेखीखाली.

आरंभास पैसा लागत नाही. चौथीच्या मुलाने पहिलीच्या मुलाला वाचून दाखवावे. गैरहजर मुलाचा अभ्यास शेजाऱ्याने घरी पोहोचवावा. पोषण आहार मुलांनी आळीपाळीने वाढावा. जोड्या दर महिन्याला बदलाव्यात, म्हणजे कोणी मुकादम होणार नाही आणि कोणी कायमचा दुबळा ठरणार नाही. छळ घडलाच, तर त्याचे निवारण मोठ्यांनी करावे. ते ओझे मुलांवर टाकू नये.

शाळा व्यवस्थापन समितीत पालक बहुसंख्येने असतात. कार्यकर्त्यांनी आणि सुजाण कुटुंबांनी तेथे हा विषय मांडावा. आणि आज संध्याकाळी मूल घरी येईल तेव्हा गुणांआधी विचारावे, ‘आज कोणाला मदत केलीस?’