संशयाची सात अक्षरे

शहरातील प्रकाशकला म्हणजे भरल्या पोटाची करमणूक, असे आपल्यातील अनेक सहकारी मानतात. त्यांनी बर्लिनमधील एका उदाहरणाचा अवश्य विचार करावा. २००५ साली त्या शहराच्या मध्यभागी, एका ओसाड इमारतीच्या छतावर, नॉर्वेचे कलावंत लार्स राम्बर्ग यांनी सात प्रचंड प्रकाशाक्षरे उभी केली. ‘त्स्वायफेल’ हा तो जर्मन शब्द. अर्थ, संशय.

ती इमारत होती ‘प्रजासत्ताकाचा प्रासाद’. तिच्या जागी पूर्वी होहेनत्सोलर्न घराण्याचा राजवाडा होता. ९ नोव्हेंबर १९१८ रोजी कार्ल लीबक्नेख्त यांनी तेथूनच समाजवादी प्रजासत्ताकाची घोषणा केली. महायुद्धात होरपळलेला तो वाडा पूर्व जर्मनीच्या सत्ताधाऱ्यांनी १९५० साली जमीनदोस्त केला आणि १९७६ साली तेथे नवा प्रासाद खुला केला. त्यात संसद होती, तशीच नाट्यगृह, उपाहारगृहे आणि नृत्याची दालनेही होती. सामान्य माणसे तेथे हक्काने जात. मात्र त्या संसदेत खऱ्या विरोधाला जागा नव्हती, हे समाजवाद्यांनी लपविण्याचे काहीच कारण नाही. मार्च १९९० मध्ये प्रथमच मुक्त निवडणूक झाली आणि त्या लोकनियुक्त संसदेने ऑगस्टमध्ये याच इमारतीत जर्मन एकीकरणाचा ठराव संमत केला. पुढल्याच महिन्यात अॅस्बेस्टॉसच्या धोक्यामुळे इमारत बंद झाली.

येथवर कोणी आक्षेप घेणार नाही. परंतु अॅस्बेस्टॉस काढून झाल्यानंतरही प्रासाद पाडण्याचा निर्णय कायम राहिला, तेव्हा प्रश्न आरोग्याचा उरला नव्हता. एकीकृत जर्मनीच्या संसदेने २००२ सालीच राजवाड्याचे दर्शनी भाग पुन्हा उभारण्यास संमती दिली होती. २००६ ते २००८ या काळात प्रासाद पाडला गेला. त्या जागी सुमारे ६८ कोटी युरो खर्चून बांधलेली हुम्बोल्ट फोरम ही वास्तू २०२१ साली लोकांसाठी उघडली. तिच्या तीन बाजूंना राजवाड्याची जुनी शोभा आहे आणि घुमटावर क्रूस आहे. येशूच्या नावापुढे सर्वांनी गुडघे टेकावेत, असे सांगणारा राजाज्ञेचा लेखही घुमटाभोवती पुन्हा कोरला आहे. आतील दालनांत वसाहतकाळात आफ्रिकेतून नेलेल्या वस्तूही मांडल्या आहेत.

याला ‘इतिहासाची दुरुस्ती’ असे नाव देण्यात येते. मग कोणता इतिहास दुरुस्त झाला? राजांचा परत आला आणि चाळीस वर्षे त्या राज्यात जगलेल्या लाखो स्त्री-पुरुषांचा पुसला गेला. १९५० चे सत्ताधारी आणि २००२ चे विजेते परस्परांचे कट्टर विरोधक खरे. पण नगराचा भूतकाळ ही आपली मालमत्ता आहे आणि तिचा नको तो थर आपण खरवडून टाकू शकतो, या समजुतीत त्यांचे एकमत होते.

राम्बर्ग यांच्या अक्षरांनी काही पाडले नाही, की काही झाकले नाही. ज्या वास्तूत एका पक्षाच्या निश्चिततेने राज्य केले होते आणि जिचा निकाल दुसऱ्या निश्चिततेने लावला होता, तिच्याच माथ्यावर त्यांनी दोघांनाही जाब विचारला. सत्तेचे मनोरे उजळणारी रोषणाई आणि ही कला यांतील भेद येथे आहे.

अक्षरांनी पाडकाम थांबले नाही, असे कोणी म्हणेल. ते खरेच आहे. चळवळीचे काम कला करू शकत नाही. परंतु संशयाला घाबरणारी चळवळ सत्तेवर आली की स्वतःचाच प्रासाद बांधते आणि त्यातील संसदेत हात वर करणारे बसविते, हाही बर्लिनचाच धडा आहे. तेव्हा शहराच्या इतिहासातील एखादा थर पुसण्याचा ठराव पुढे येईल, मग तो मांडणारा आपला असो वा परका, त्या वेळी संशय उघडपणे बोलून दाखविणे हे समाजवादी कार्यकर्त्याचे कर्तव्यच होय.