एम-सील लावून सिक्युरिटी?

मागच्या शनिवारी नांदेडहून लातूरला गेलो होतो. भाचा शिकतो त्या कॉलेजची लॅब पाहिली (नाव सांगत नाही, पोराचं अजून एक वर्ष बाकी आहे). सगळ्या मशीनवर उबुंटू, आणि यूएसबी पोर्ट चक्क एम-सीलनं बुजवलेले! का, तर पेनड्राइव्हनं व्हायरस येतो म्हणे. कीबोर्ड-माऊससाठी तेवढे दोन पोर्ट सोडलेत. पोरं काय करतात? माऊस काढून तिथं पेनड्राइव्ह लावतात. आणि अ‍ॅडमिनचा पासवर्ड सगळ्या वर्गाला तोंडपाठ!

अहो, हे काम लिनक्स स्वतःच करतं की. पूर्वी एफएसटॅबमध्ये 'यूजर' लिहावं लागायचं, डेबियनवर प्लगडेव्ह ग्रुप असायचा. आता यूडिस्क्स पोलकिटला विचारतं. मशीनसमोर बसलेल्याला पेनड्राइव्ह माउंट करायला पासवर्ड लागत नाही, आतल्या डिस्कचं दुसरं पार्टिशन उघडायचं तर अ‍ॅडमिनचा लागतो. शिवाय पेनड्राइव्ह 'नोसुइड, नोडेव्ह' लावूनच माउंट होतो. पोरांना बंदीच घालायची तर पोलकिटची पाच-सहा ओळींची रूल फाइल पुरते. माझं मत विचाराल तर बंदी नको, 'नोएक्झेक' जोडा. तेही काही अभेद्य नाही, बॅशला हातानं फाइल दिली की स्क्रिप्ट चालतेच. पण फाइल तर नेता येते ना!

कुणी म्हणेल, जून २०२५ मध्ये याच यूडिस्क्समधून थेट रूट होता येत होतं, त्याचं काय? खरंय. लिबब्लॉकडेव्ह एक्सएफएसचा आकार बदलताना ती तात्पुरती माउंट करायची आणि तिथं नोसुइड लावायचंच राहिलं होतं. पण गंमत बघा, त्याला पेनड्राइव्ह लागतच नव्हता, डिस्कवरची एक इमेज फाइल पुरायची. एम-सील काय कामाचं? उपाय होता अपडेट. या लॅबमध्ये ते दोन वर्षांत केलेलं नाही.

भाच्यानं शेवटी माऊसच्या पोर्टमधून प्रोजेक्ट काढला आणि प्रिंटसाठी कोपऱ्यावरच्या झेरॉक्सवाल्याकडे नेला. तिथल्या विंडोजनं सगळ्या फोल्डरांचे शॉर्टकट करून परत दिले. रात्री दोन तास मी फायली शोधत बसलो.

सोमवारी लॅबवाल्या सरांना म्हटलं, रूल फाइल मी लिहून देतो, फुकट. ते म्हणाले, "तुमचं बरोबर आहे हो, पण तपासणीला आलेल्यांना एम-सील दिसतं."