भांडण घरातले, जखम अंगावरची

नवरा-बायकोचे भांडण अंगाला लागत नाही, ही समजूत आता सोडलेली बरी. अमेरिकेतील ओहायो स्टेट विद्यापीठातील जॅनिस किकोल्ट-ग्लेझर आणि रोनाल्ड ग्लेझर (हेही दाम्पत्यच!) यांनी २००५ मध्ये ४२ जोडप्यांवरील प्रयोग प्रसिद्ध केला. प्रत्येकाच्या हातावर बारीक फोड आणून त्यांना मतभेदाच्या विषयांवर बोलायला बसवले. एकमेकांना टोचून बोलणाऱ्या जोडप्यांच्या जखमा इतरांच्या साधारण ६० टक्के वेगानेच भरल्या. ताणात कॉर्टिसॉलसारखी संप्रेरके वाढतात आणि जखमेपाशी चालणारे प्रतिकारशक्तीचे काम रेंगाळते. स्टॉकहोममधील हृदयरुग्ण महिलांच्या २००० सालच्या अभ्यासात तर वैवाहिक ताण असलेल्यांना हृदयविकार पुन्हा उद्भवण्याचा धोका सुमारे तिप्पट आढळला. नोकरीतील ताणाने तसा फरक पडला नाही.

आपल्याकडे मात्र ‘लग्न केले की सगळे मार्गी लागेल’ हाच उपचार सुचवला जातो आणि पुढचे सोसणे बाईच्या वाट्याला येते. दवाखान्यात साखर, रक्तदाब, तंबाखू यांची चौकशी होते. घरी कसे चालले आहे, हे क्वचितच विचारले जाते. हा प्रश्न डॉक्टरांनी विचारावा, तोही नातेवाइकांना बाहेर बसवून.