पहिला बाक लेकरांना द्या

रविवारी जासईहून पनवेलला उपासनेला जाताना मी रिक्षातच नातवाला त्या दिवसाच्या गीताचं एक कडवं शिकवते. तो पाच वर्षांचा आहे. सगळं गीत त्याला झेपत नाही, पण आपलं कडवं आलं की तो बाकावर उभा राहून खड्या आवाजात गातो.

माझी लेक लहान असताना एका मंडळीत मला सांगितलं गेलं, "बाई, मुलीला बाहेर न्या." उरलेली उपासना आम्ही दोघींनी पायरीवर बसून ऐकली. ते मला आजही खुपतं. लेकरांना दूर सारणाऱ्या शिष्यांवर येशू रागावला होता, हे आपण व्यासपीठावरून वाचतो आणि मुलांना मात्र मागच्या बाकावर गप्प बसवतो. तिथून त्यांना दिसतात फक्त मोठ्यांच्या पाठी.

आपल्या मराठी मंडळीला तर वाट आयती मिळालेली आहे. रेव्हरंड ना. वा. टिळकांनी (१८६१-१९१९) ख्रिस्तभक्ती अभंगात, भजनात, कीर्तनात आणली. त्याआधी १८७३ पासून 'बालबोधमेवा' हे मुलांचं मासिक निघत होतं. टाळ हातात दिला की मूल आपोआप ठेका धरतं. तिथे समजावून सांगावं लागत नाही.

नातू कानात विचारतो, "आजी, आता डोळे का मिटायचे?" मी तिथल्या तिथे, हळू आवाजात सांगते. शेजारच्यांनी तेवढी कुजबुज सोसावी. अर्पणाची थैली फिरवायला दर रविवारी दोन मुलं घ्यावीत, असं मी पाळकांना सांगितलं आहे. नातवाने आपला नंबर आधीच लावून ठेवलाय.