रिपोर्टाआधी आईचं ऐका

नेवासे तालुक्यातल्या घोडेगावात बायांच्या बैठकीत हल्ली एक शब्द सारखा कानावर येतो : सीआरपी. कुणाच्या बाळाचा ‘सीआरपी वाढला’ म्हणून ते नगरला ॲडमिट, तर ‘नॉर्मल आला’ म्हणून कुणाला घरी पाठवलेलं. हा आकडा नेमकं काय सांगतो, हे बाळंतिणीला मात्र क्वचितच कुणी सांगतं.

जंतुसंसर्ग झाला की यकृत हे प्रथिन तयार करतं. पण रक्तात ते वाढायला दहा-बारा तास जातात. म्हणून सुरुवातीची तपासणी नॉर्मल येऊ शकते. चोवीस तासांनी ती पुन्हा करावी लागते. उलट अवघड बाळंतपणानंतर संसर्ग नसतानाही ते वाढतं. तपासणी निरुपयोगी नाही. दोन्ही वेळा नॉर्मल आली, तर अँटिबायोटिक वेळेत थांबवता येतात. पण एकट्या आकड्यावर बाळाचा निकाल लावू नये.

गडचिरोलीत डॉ. राणी आणि अभय बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने १९९५पासून ३९ गावांत आरोग्यदूत बायकांना शिकवून तयार केलं. दूध ओढणं कमी झालं, रडणं क्षीण झालं, अंग गार पडलं, श्वासाला धाप लागली, अशा खुणांपैकी दोन एकदम दिसल्या की संसर्ग समजून घरीच इंजेक्शन सुरू होई. रक्ततपासणी नव्हती. तरी तिसऱ्या वर्षी नवजात बालमृत्यू ६२ टक्क्यांनी घटल्याचं १९९९ साली ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झालं.

या खुणा सगळ्यांत आधी कुणाला कळतात? आईला. पण ती ‘दूध ओढत नाही’ म्हणाली, की ‘पहिलटकरीण आहे, उगाच घाबरते’ म्हणतात. त्यात मुलगी असली तर ‘उद्या बघू’. आणि बाळ दगावलं, की दोष तिच्याच खाण्यापिण्याला!

जननी-शिशु सुरक्षा कार्यक्रमाखाली २०११पासून सरकारी दवाखान्यात आजारी नवजात बाळाची तपासणी, औषधं आणि वाहन मोफत आहे. आशाताईंनी पहिल्या ४२ दिवसांत सहा-सात वेळा घरी यायचं असतं. हे हक्क प्रत्येक गरोदर बाईला तोंडपाठ हवेत.

मैत्रिणींनो, आपापल्या गावात एवढं मागू या : आईचं म्हणणं केसपेपरवर लिहा. रिपोर्ट नवऱ्याच्या हातात देऊन मोकळे होऊ नका, तिलाही समजावून सांगा. आणि बाळ दूध ओढत नसेल, तर रिपोर्ट नॉर्मल आहे म्हणून तिला परत पाठवू नका.