न विचारलेला प्रश्न

गेल्या महिन्यात केज तालुक्यातील युसूफ वडगाव येथे आम्ही एका स्नेह्यांच्या घरी मुक्कामास होतो. रात्री जेवणे आटोपल्यावर ओसरीवर 'देवमाणूस' या मालिकेचा विषय निघाला. तिचा पहिला भाग 2020 साली सुरू झाला व दुसरा 2021 च्या डिसेंबरात. ज्याचे सोंग एकदा उघडे पडले, तोच खुनी दुसऱ्या भागात पुन्हा साळसूदपणे लोकांत वावरू लागतो.

धाकट्या सूनबाई म्हणाल्या, "मामंजी, हे पटत नाही. गाव इतके भोळे असते का?"

आमच्या मते प्रश्न भोळेपणाचा नाहीच. ही मालिका ज्या प्रकरणावरून सुचली, ते 2016 साली सातारा जिल्ह्यातील वाई येथे उघडकीस आले. 'डॉक्टर' म्हणून मान पावलेल्या एका इसमाने 2003 पासून सहा जणांचे जीव घेतले, असा पोलिसांचा आरोप आहे. मारले गेलेल्यांत बहुतेक स्त्रिया. तेरा वर्षे हे गुपित टिकले, ते केवळ एका माणसाच्या चातुर्यावर टिकले काय? एखादी स्त्री नाहीशी झाली की 'गेली असेल कोठे तरी' असे म्हणून जग स्वस्थ बसते. सोंगाला खरा आधार असतो तो या स्वस्थतेचा. 2016 साली नाहीशा झालेल्या स्त्रीसाठी मात्र तिच्या माणसांनी फिर्याद दिली, आणि तेथूनच तपासाचे धागे जुळले.

हा विचार बीड जिल्ह्यास परका नाही. दरवर्षी येथून हजारो कुटुंबे ऊसतोडीसाठी परमुलखी जातात. गेलेल्यांपैकी कोण परतले नाही, याची नोंद त्यांच्या आप्तांखेरीज कोण ठेवतो?

म्हणून प्रत्येक शेजाऱ्याकडे संशयाने पाहावे, असे आम्ही मुळीच म्हणत नाही. वैद्याची पदवी व नोंदणी विचारण्यात त्याचा अपमान नाही, आणि चार दिवस न दिसलेल्या मोलकरणीच्या घरी जाऊन चौकशी करण्यात आपला कमीपणा नाही, एवढेच आमचे सांगणे.

आमचे बोलणे आजी मुकाट्याने ऐकत होत्या. त्या सूनबाईंकडे वळून म्हणाल्या, "आपली भांडी घासणारी सोमवारपासून आली नाही ना ग?"

कोणासच उत्तर देता आले नाही. सकाळी सूनबाई स्वतः तिच्या वस्तीवर गेल्या. बाई तापाने फणफणली होती, आणि घरात दुसरे कोणी नव्हते.